प्रागबद्दल थोडी भर

प्रागमध्ये काय पाहावं, या यादीत चार्ल्स पूल आणि १४१० सालचं खगोलीय घड्याळ आधीच आलं आहे. माझ्या मते खरी गंमत किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथेड्रलमध्ये आहे. पाया १३४४चा, काम पुरं झालं १९२९ला! दर्शनी बाजूचे दोन मनोरे जुनेपुराणे वाटतात, पण ते अलीकडचे. चौदाव्या शतकातल्या वास्तुकार पेटर पार्लरची करामत पाहायची तर आत पार पूर्वेकडे जाऊन मान वर करा, छतभर जाळीदार कमानी. डावीकडे चित्रकार आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकीही आहे, ती चुकवू नका.

जुन्या गावात वास्तुकार गोचारचं ‘ब्लॅक मॅडोना’ घर, १९१२चं, क्यूबिस्ट शैलीतलं, म्हणजे सगळे कोनच कोन. आणि चार्ल्स पुलावर सकाळी सातच्या आत जा, नंतर तिथे जत्रा असते.