मदत हवी आहे: आजीच्या ट्रंकेतले चांदीचे रुपये मोडीत द्यावेत का?

मंडळी, सोलापूरचं जुनं घर रिकामं करताना आजीच्या ट्रंकेत चादरीच्या घडीत एक पुरचुंडी सापडली. आजोबा गिरणीत होते, पगारातला एखादा रुपया आजी गुपचूप बाजूला टाकायची म्हणे. निघालं ते असं: राणीछाप 1862 चा एक, राजाछाप 1911 चा एक, 1918 चे सात, 1944 चे चार आणि शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) वाटणारं एक नाणं.

सराफाने सगळे रुपये एकाच भावाने वजनावर मागितले. मेहुणा मात्र व्हिडिओ दाखवतोय की वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो मिळतात, मग 1862 ला किती! किंमत नेमकी ठरते कशावर?

भिंगवाला: आधी मेहुण्यांना आवरा. असल्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये सांगितलंय.

नाणं किती जुनं यापेक्षा मागणाऱ्यांच्या मानाने किती उरलीत, हे बघतात. 1938 चा रुपया सहज मिळतो. 1939 चे बहुतेक वितळवले गेले, म्हणून त्याच्यासाठी संग्राहक जीव टाकतात (आणि नकलाही त्याच्याच फार). 1862 हे साल टाकसाळीने पुढे दहा-बारा वर्षं तसंच छापलं, त्यामुळे ते ढिगाने आहेत. त्यातले प्रकार टिंबांवरून ओळखतात, भिंग घेऊन बसा. 1918 चे तर कोट्यवधी पाडले.

तुमचा 1911 चा बघण्यासारखा आहे. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बरेचसे रुपये वितळवले आणि 1912 पासून हत्ती सुधारला.

रुपयाभार: सराफाचा एकच भाव घेऊ नका. 1862, 1911, 1918 हे 11.66 ग्रॅमचे, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. 1944 च्यात निम्मीच. सगळं एका मापाने मोजलं तर जुन्या रुपयांत तुम्हीच बुडणार.

शिवराईवर एकीकडे ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’ आहे का? पेशवाईतही त्या पडत राहिल्या, म्हणून भरपूर मिळतात. पण ठसा मोठा आणि चकती लहान, सगळी अक्षरं क्वचितच मावतात. जितकी जास्त अक्षरं उठलेली तितका भाव. आणि एक, कुठलंही नाणं घासू नका. मूळची झळाळी आणि वरचा काळपटपणा गेला की किंमत पडते.

धागाकर्ता: शिवराईवर ‘राजा’ आणि ‘छत्र’ स्पष्ट आहे, बाकी कडेला कापलंय.

घासण्याचं मात्र आधी सांगायला हवं होतं हो. रविवारी चिंच आणि राख घेऊन बसलो होतो. 1911 चा सगळ्यात काळा, म्हणून पहिला तोच घेतला. हत्ती दिसतोय, पण त्याच्यावर बारीक ओरखडे आलेत. तेवढ्यात चिंच संपली, म्हणून बाकीचे वाचले.

भिंगवाला: अरेरे! बाकीच्यांना हात लावू नका. 1911 चे दोन्ही बाजूंचे फोटो टाका, उन्हात नको, खिडकीपाशी काढा.