मदत हवी आहे: कंपनीच्या समुपदेशन सेवेची गोपनीयता प्रत्यक्षात कितपत पाळली जाते?

नमस्कार. मी पुण्यातील एका खासगी कंपनीत काम करते. वडिलांचे आजारपण, गृहकर्जाचे हप्ते आणि रात्रपाळी यांमुळे गेले काही महिने झोप पार उडाली आहे. आमच्या कंपनीने बाहेरच्या संस्थेमार्फत कर्मचाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची सोय केली आहे. स्वच्छतागृहाच्या दारावर आतल्या बाजूने तिचा कागद चिकटवलेला असतो आणि त्यावर 'पूर्णपणे गोपनीय' असे ठळक छापलेले आहे. मात्र नोंदणीच्या अर्जात पहिलाच रकाना कर्मचारी क्रमांकाचा आहे आणि तिथेच माझा हात अडतो.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक असून, जिवाला धोका असल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास तिला अपवाद आहेत, हे मी वाचले आहे. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. या सेवेचे बिल कंपनी भरते, तेव्हा मनुष्यबळ विभागाकडे केवळ एकूण आकडा जातो की विभागनिहाय तपशीलही? आमच्या विभागात सहाच जण आहेत, त्यामुळे नाव नसले तरी ओळख पटायला वेळ लागणार नाही.

ज्यांनी अशी सेवा वापरली आहे किंवा मनुष्यबळ विभागात काम केले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. पहिल्या भेटीत समुपदेशकाला नेमके काय विचारून घ्यावे? शासनाची 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मला ठाऊक आहे, परंतु दर आठवड्याला एकाच व्यक्तीशी बोलता यावे, अशी माझी गरज आहे.