मदत हवी आहे: पॅलिओवाल्यासाठी मोदकाची पारी कशाची करू?

नवरा पॅलिओ डाएटवर (शेतीपूर्व काळातल्या माणसासारखा आहार) आहे. धान्य, डाळी, दूध, साखर सगळं बंद. रोजचं जमतं: सुरमई रव्याशिवायच आगळ-तिखट लावून खोबरेलात तळते, मटणाच्या रश्श्याला भाजलेलं सुकं खोबरं पुरतं. कोशिंबिरीतलं दाण्याचं कूट मात्र गेलं (शेंगदाणा शेवटी डाळवर्गातलाच!), तिथे तीळकूट घालते.

अडलंय गणपतीत. ओलं खोबरं-खजुराचं सारण छान होतं, पण शिंगाड्याच्या पिठाची उकड कळ्या पाडतानाच चिरते. थोडं आरारूट घालू का? उकडलेलं रताळं मळून कुणी पारी केली आहे का? वाफेत टिकते? आणि वरणभाताऐवजी पानात काय वाढू?

"एक दिवस खाल्लं तर काय होतंय" हे सासूबाई रोज सांगतात, ते सोडून काहीही सुचवा.