103 ला खटारा म्हणणाऱ्यासाठी

ओसाकावासी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "जपान-जपान करणाऱ्यांनो, ओसाकाच्या लूप लाइनवर, म्हणजे शहरात गोल फिरणाऱ्या रेल्वेवर, 2017 पर्यंत 103 मालिकेच्या लोकलचा खटारा धावत होता. लाज वाटत नाही?" डोकं फिरलं, म्हणून हा प्रपंच.

1963 ला टोकियोच्या यामानोते रेल्वेमार्गासाठी ही गाडी आली, 1984 पर्यंत 3447 डबे बांधले. स्टेशनं जवळजवळ, पळ, थांब, परत पळ, याच कामाची मोटर. सगळे डबे एका छापाचे, याचा सुटा भाग त्याला. गर्दी उतू चालली होती, तेव्हा डबे हवे होते, नखरे नाही. 2014 च्या थंडीत मी रोज ओसाकाच्या तेन्नोजी स्टेशनला ही नारिंगी गाडी पकडायचो. सीटखालच्या हीटरने पोटऱ्या भाजायच्या. मोटर इतकी रडायची की शेजारचा घोरतोय हे कळायचंच नाही. पण चार दारं उघडली की माणसं भसाभस बाहेर!

रेझिस्टर_राव: तो 'कुणीतरी' मीच. शब्द मागे घेत नाही. वेग सांभाळायला वीज रेझिस्टरमध्ये (वीज अडवून तिची उष्णता करणाऱ्या भागात) जाळायची आणि ब्रेक मारला की तीही ऊर्जा वाया. हीच गाडी टोकियोच्या चियोदा मेट्रोच्या बोगद्यात घातली, बोगदा तापला, 1982 ला चॉपरवाली (वीज न जाळता तुकड्या-तुकड्यांनी मोटरला देणारी) 203 मालिका आणावी लागली. "पार्ट मिळतात" हे आमचा रिक्षावालाही सांगतो.

ओसाकावासी: बोगद्याचं मान्य, नाइलाजाने. पण दोष बैलाचा की जुंपणाऱ्याचा? लांब अंतरांच्या टोकियोकडच्या जोबान, ओसाकाकडच्या हानवा मार्गांच्या जलद फेऱ्यांनाही हीच जुंपली. चॉपरची 201 आणली, ती महाग पडली. 1985 ला 205 आली तेव्हा कुठे स्वस्तात वीज वाचवायचं जमलं.

डोंबिवलीची_सून: दोघं भांडा. मला एवढंच सांगा, तिच्या खिडक्या उघडायच्या ना? माझी सकाळची साधी लोकल काढून तिथे एसी टाकली. पास दुप्पटच्याही वर, म्हणून आता पुढच्या गाडीत लोंबकळते.

रेझिस्टर_राव: ताई, 103 च्या एसी डब्यांची चाचणी यामानोतेवर 1970 ला झाली. मुंबईत एसी लोकल 2017 च्या नाताळात आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ओसाका लूपने 103 काढली!

डोंबिवलीची_सून: अहो राव, 1970 ला तिथे दारंही बंद व्हायची. आमची अजून उघडी आहेत. आधी दारं, मग गारवा.

पेन्शनर_काका: बंद दारांचं फार कौतुक नको. 1951 ला जपानात योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनला गाडी पेटली. खिडकीचं मधलं तावदान उघडेना, दारं उघडेनात, 106 माणसं गेली. त्यानंतरच दारं हाताने उघडायचे कॉक (तोट्या) प्रवाशांना नीट दाखवायला लागले. मी 32 वर्षं उघड्या दारात उभा राहून नोकरी केली, काही झालं नाही.

डोंबिवलीची_सून: काका, ज्यांना झालं ते इथे लिहायला नाहीत.

पेन्शनर_काका: बोलणं जरा जपून, मुली.

ओसाकावासी: अहो, माझा धागा! आपलीही 1500 व्होल्ट डीसीवरची (जुन्या पद्धतीच्या विजेवरची) शेवटची लोकल 2016 च्या एप्रिलात हार्बरवर धावली, तेव्हा मुंबईकर रडलेच की. जपानी रडले तर हसता का?

रेझिस्टर_राव: रडा, खुशाल रडा. कोबेतल्या वादामिसाकीच्या 2.7 किलोमीटरच्या फाट्यावर कारखान्याच्या कामगारांना ने-आण करत निळी 103 मार्च 2023 पर्यंत टिकली, हे मला ठाऊक आहे. एवढ्याशा अंतराला खटारा चालतो, जा, दिलं.

ओसाकावासी: 'खटारा' परत म्हणालात.