पोकळ मेणबत्त्या घरी करायच्यात, फुगा की मोल्ड?

कृष्णाकाठची: सांगलीत विश्रामबागला राहते. दिवाळीला दारात ठेवायला त्या पोकळ मेणबत्त्या असतात ना, बाहेर मेणाचं वाडग्यासारखं कवच आणि आत छोटा दिवा, त्या करायच्यात. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, कोण म्हणतं फुगा मेणात बुडवा, कोण म्हणतं मोल्डमध्ये ओता. मेण कुठलं, किती आणू? घरात लहान पोरगं आहे, जरा कमी झंझटीचं सांगा.

मिरजवाला: फुगाच. फुग्यात हवा नाही भरायची, कोमट पाणी भरायचं, हवेचा फुगा गरम मेणात फट्कन जातो. पाणी गार असलं तर मेणाला चिरा पडतात म्हणून कोमट. ५८-६० डिग्रीला वितळणारं पॅराफिन घ्या, किलोला १०० ग्रॅम स्टिअरिक अॅसिड, त्याने कवच कडक होतं. मेण ७० च्या आसपास ठेवा, लई तापलं तर आधीचा थरच वितळून खाली जातो. फुगा दोन तृतीयांश बुडवायचा, काढायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत बुडवायचा, असं कवच ५-६ मिमी होईपर्यंत. मग बेसिनवर धरून गाठीपाशी टोचा, पाणी निघून जातं. काठ नि बूड कोमट तव्यावर फिरवून सपाट करा. एका कवचाला पाव किलोच्या आसपास मेण जातं पण बुडवायला पातेलं खोल लागतं, त्यामुळे २ किलो तरी आणाच, उरलेलं परत वापरता येतं. गणपती पेठेत विचारून बघा.

अजिंक्यतारा_खाली: साताऱ्यातून. मी मोल्डवाली, चौकोनी हवी असेल तर पर्याय नाही. मेण मोल्डच्या भिंतीला आधी गोठतं, सेंटीमीटरभर जाड झालं की वरची साय सुरीने कापून आतलं पातळ मेण ओतून घ्यायचं, बस. आणि रंगाला खायचा रंग नको, तो पाण्यातला, मेणात मिसळतच नाही. मुलांचे क्रेयॉन किसून टाका. एरवी क्रेयॉनने वात चोंदते, पण कवचाला वातच नाही ना! मी बाहेरून पिंपळाची जाळीदार पानं चिकटवते, वर एक पातळ थर. (फुलं लावायची तर घरच्या कुंडीतली, कास पठारावरची तोडून आणणाऱ्यांनी माझ्याशी बोलू नका.)

कृष्णाकाठची: वा, पिंपळाचं पान भारी! पण आतल्या दिव्याने कवच वितळणार नाही का?

मिरजवाला: अरुंद केलं तर वितळणारच. तोंड ५-६ इंच तरी पाहिजे, दिवा बरोबर मध्यात, काचेच्या वाटीत टीलाइट (पत्र्याच्या डबीतली छोटी मेणबत्ती). तेलाची पणती नको, कलंडली की संपलं. नि पंख्याखाली किंवा वाऱ्यात ठेवू नका, ज्योत एका बाजूला झुकते नि तिथंच भोक पडतं.

वाईकरीण: पोरगं आहे म्हणताय म्हणून मुद्दाम लिहिते. मेण थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून. बुडवायच्या आधी फुगा कोरडा पुसा, मेण लई तापलेलं असलं नि पाण्याचा थेंब गेला की ते तडतडून अंगावर येतं. चुकून पेटलंच तर पाणी बिलकुल ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण टाकायचं. आणि भांडी धुताना मेण बेसिनमध्ये सोडू नका, पाइपात गोठतं, मग प्लंबर.

कृष्णाकाठची: पोराला आजीकडे पाठवूनच करते. रविवारी मेण बघायला जाते, जुनं खोल पातेलं आईकडून आणते, थर्मामीटर ऑनलाइन मागवलाय.

अजिंक्यतारा_खाली: फुगे जाड रबराचेच घ्या हां, रंगपंचमीचे नकोत, इवलेसे असतात ते.