उद्यमबागच्या फाउंड्र्यांचा निर्यात-सर्व्हे : फॉर्म किती आणि कुठल्या भाषेत?

एमबीए_बेळगाव
एमबीएच्या प्रकल्पाचा विषय आहे बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या लहान फाउंड्र्या (धातू ओतून वस्तू करणारे कारखाने) निर्यातीत कशा उतरतात. हातात 120 युनिटची यादी आहे, इंग्रजीत 38 प्रश्न तयार आहेत. गाइड म्हणतात 384 फॉर्म पाहिजेत. यादीच 120 ची, तर 384 आणायचे कुठून? मालकांत मराठीही आहेत, कन्नडही. फॉर्म कुठल्या भाषेत काढू?

आकडेमोड
384 हा आकडा फार मोठ्या समूहासाठी असतो (95 टक्के खात्री, 5 टक्के चूक). तुमच्यासाठी 384 ÷ (1 + 383/120), म्हणजे 92. हे भरून परत आलेले फॉर्म बरं का, वाटलेले नव्हेत. त्यामुळे 120 च्या 120 जणांकडे जा. ओळखीच्या मालकांकडूनच भरून घेतले तर 92 झाले काय नि 200 झाले काय, सारखंच.

दुभाषी
दोन्ही भाषांत काढा, पण उलट-भाषांतर केल्याशिवाय छापू नका. एकाने इंग्रजीवरून कन्नड करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायचं. आपल्याकडे घात करतात ते दिसायला सारखे शब्द. कन्नडमध्ये ‘अवकाश’ म्हणजे संधी, आणि ‘संधि’ म्हणजे तह किंवा सांधा. मराठी फॉर्मवरून घाईने कन्नड केलं तर ‘निर्यातीची संधी’चा निर्यातीचा तह होतो, आणि मालक बिचारा तरीही 1 ते 5 मध्ये कुठेतरी टिक करतो!

साचा_ओतकाम
भाषेच्या आधी ‘निर्यात’ म्हणजे काय ते ठरवा की. बऱ्याच ठिकाणी कास्टिंग (ओतीव भाग) दुसऱ्या कंपनीच्या पंपात बसून परदेशी जातं. मालकाला विचारलं तर म्हणेल, ‘आम्ही एक्स्पोर्ट करत नाही.’ 1977 च्या उप्सला मॉडेलमध्ये कंपनी टप्प्याटप्प्याने बाहेर जाते, आधी एजंटमार्फत, मग स्वतःचं विक्री कार्यालय. हा पंपातला माल त्यातल्या कुठल्याच पायरीवर नीट बसत नाही. म्हणून पहिलाच प्रश्न हवा : ‘तुमचा माल दुसऱ्याच्या नावाने परदेशी जातो का?’

सरकारी आकड्यांतही हीच भानगड. एचएस (कस्टम्सचं मालाचं वर्गीकरण) कोड 7325 मध्ये लोखंड-पोलादाच्या ओतीव वस्तू येतात खऱ्या, पण तोच माल पंपाचा भाग म्हणून गेला तर 8413 मध्ये, व्हॉल्व्हचा असला तर 8481 मध्ये. नुसता 7325 काढाल तर निर्यात कमी दिसेल.

एमबीए_बेळगाव
पायलट (छोटी चाचणी) 10 जणांवर केला. ‘निर्यातीची तयारी’च्या सहा प्रश्नांचा अल्फा (प्रश्न एकच गोष्ट मोजतात का, ते सांगणारा आकडा) 0.42 आला. प्रश्न काढून टाकू का?

आकडेमोड
थांबा. ‘परदेशी ऑर्डर म्हणजे डोकेदुखी’ असला उलटा प्रश्न (जिथे जास्त गुण म्हणजे कमी तयारी) त्यात आहे का? असल्यास 5 चा 1, 4 चा 2 करून पुन्हा काढा. 0.7 च्या पुढे गेला तर प्रश्न ठीक आहेत. पण 10 जणांचा अल्फा हलका असतो, दोन फॉर्म बदलले की आकडा बदलतो. आणि निर्यातीचं यश मालकाच्या मतावर मोजू नका. तयारीही तोच सांगणार, यशही तोच, मग दोन्हींचं नातं आपोआपच घट्ट दिसतं. मागच्या तीन आर्थिक वर्षांत उलाढालीतला निर्यातीचा वाटा किती, ते अकाउंटंटकडून घ्या.