लंडनमधील एका सराईत चोराचा माग: १८६६ च्या नोंदीपुढे कसे जावे?

प्रश्न:
ओल्ड बेली न्यायालयाच्या छापील कार्यवृत्तात १८६६ साली घड्याळ चोरल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका चोवीस वर्षांच्या माणसाची नोंद मला सापडली आहे. त्याने गुन्हा कबूल केल्यामुळे साक्षी नाहीत, जेमतेम तीन ओळी आहेत. मार्च १८६३ मध्ये लंडनमधील क्लार्कनवेल येथे निराळ्या नावाने आपल्याला शिक्षा झाली होती, हेही त्याने तेव्हा मान्य केले. शिक्षा सात वर्षे सक्तमजुरीची आहे. १८७१ च्या जनगणनेत दोन्ही नावांनी शोधूनही तो मिळत नाही. एका घड्याळासाठी सात वर्षे का, आणि पुढे कुठे शोधावे?

पहिले उत्तर:
सात वर्षांचे कारण घड्याळात नसून १८६३ च्या त्या कबुलीत आहे. १८६२ साली लंडनमध्ये गळा आवळून लुटण्याच्या घटनांनी मोठी घबराट पसरली, आणि त्यानंतर १८६४ च्या कायद्याने पूर्वी गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगलेल्याला सक्तमजुरी द्यायची झाल्यास ती किमान सात वर्षांचीच असावी, असे ठरवले. जनगणनेत तो न मिळण्याचे कारणही बहुधा हेच असावे, कारण एप्रिल १८७१ मध्ये तो तुरुंगात असण्याची शक्यता मोठी आहे आणि तुरुंगांच्या याद्यांत कैद्यांची पुष्कळदा केवळ आद्याक्षरेच लिहिलेली असत. पोर्टलंड, पोर्ट्समथ, चॅटम आणि डार्टमूर येथील याद्या आद्याक्षरे, वय व जन्मस्थान जुळवून पाहाव्यात.
त्याहून मोलाचे कागद लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मुदतीआधी परवान्यावर सुटलेल्या पुरुष कैद्यांच्या संचिका ‘पीकॉम ३’ या मालिकेत आहेत. अशा संचिकेत उंची, व्रण, गोंदण, धंदा, जवळचे नातेवाईक, तुरुंगातील वर्तणूक आणि आधीच्या शिक्षांची यादी मिळू शकते. न्यायालयाने तीन ओळींत संपवलेला माणूस तिथे प्रथमच अंगाखांद्यासह उभा राहतो, म्हणून माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

दुसरे उत्तर:
वरील सल्ला योग्य आहे, पण एक सावधगिरी अवश्य बाळगावी. सराईत चोर नाव बदलत, वय कमीजास्त सांगत आणि जन्मगावही फिरवत, त्यामुळे केवळ नाव जुळले म्हणून दोन नोंदी एकाच माणसाच्या मानू नयेत. मी स्वतः अशा घाईने दोन वेगळ्या माणसांचे एकच आयुष्य रचले होते आणि डाव्या हातावरच्या गोंदणाने ती चूक उघड झाली. क्लार्कनवेलचा खटला मिडलसेक्स सत्र न्यायालयाचा असल्याने तो ओल्ड बेलीच्या कार्यवृत्तात मिळणार नाही. गृहखात्याच्या ‘एचओ २७’ या गुन्हेगार नोंदवह्यांत १८६३ पाहावे. १८५५ च्या कायद्यानंतर आरोपीच्या संमतीने पाच शिलिंगांपर्यंतच्या चोऱ्या दंडाधिकारीच निकाली काढू लागले, तेव्हा त्याच्या पहिल्या लहान चोऱ्या कदाचित स्थानिक वृत्तपत्रांतच सापडतील.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. सुटकेनंतर तो पुन्हा पकडला गेला असेल, तर काय पाहावे?

पहिले उत्तर देणारे:
१८६९ च्या कायद्याने सराईत गुन्हेगारांची मध्यवर्ती नोंदवही सुरू झाली आणि १८७१ च्या कायद्याने कैद्यांची छायाचित्रे घेण्याची तरतूद झाली. पुन्हा दोषी ठरल्यास त्याच्यावर सात वर्षांपर्यंत पोलिसांची देखरेख ठेवता येई आणि अशा पुरुषाला दरमहा पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. या नोंदवह्यांत खरे नाव व ‘उर्फ’ नावे एकत्र मिळतात. उतारवयासाठी वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांना ठेवून काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहांच्या, प्रवेशवह्या व त्यांच्या रुग्णालयांच्या नोंदी पाहाव्यात.

प्रश्नकर्ता:
आधी १८६३ ची नोंद त्या दुसऱ्या नावाने काढतो. संचिकेतील व्रण आणि गोंदण पाहिल्यावरच दोन्ही नोंदी जोडीन.